हळवे, हळवे

गोरव्याच्या हाउसिंग बोर्डात लिफ्ट नाही.
तिसरा मजला, एकेचाळीस पायऱ्या,
आणि शांतवनचे पाय मार्चपासून
नुसते त्याच्याकडे मुक्कामाला आल्यासारखे.

मंगळ, गुरू, शनी. सकाळी सहा.
डायलिसिसला न्यायला चौघं यायचे.
निळी प्लास्टिकची खुर्ची,
तिला मंजुळाबेननं जुन्या साडीचा पट्टा शिवलेला.

चर्चमध्ये मराठी आम्ही दोघंच.
वीस वर्षं गुजरातीत गायलो, गुजरातीत जेवलो.
दुखणं मात्र मराठीतच आलं.

पुढच्या दोन पायांशी मॅकवान आणि सोलंकी.
कमिटीच्या निवडणुकीपासून त्यांचा अबोला.
प्रभुभोजनाच्या रांगेतही एकमेकांना टाळणारे,
इथे जिन्यात तोंडासमोर तोंड.
बोलायचे ते खुर्चीपुरतं:
जरा तुझ्याकडे. भिंत. थांब, पायरी तुटलीय.
मागे राठवांचा नवीन, मोबाइलच्या दुकानातला,
आणि खालचा रिक्षावाला युसूफ,
जो म्हणायचा, मी तर भाड्यासाठी आलोय,
आणि निम्म्या वेळा भाडं विसरायचा.

प्रत्येक वळणावर चौघांचा एकच शब्द: हळवे, हळवे.
त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ सावकाश.
माझ्या भाषेत काय, ते मी
त्यांना कधी सांगितलं नाही.

मी दारात उभी राहायचे, बघायचे नाही.
चौघांनी एका माणसाला असं उचलणं
नगरच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
अगं, अभद्र दिसतं.

तेव्हा मी प्रार्थना करत नव्हते. सांगून टाकते.
रात्री गुडघ्यांवर बसायचे
ते त्याचं भांडं पलंगाखाली सरकवायला.
पाळकसाहेब आले. म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही.
वाटलं, आता वचन काढतील.
म्हणाले, बरं, तुमच्या वाटची आम्ही करतो.
आणि अजून अर्धा कप चहा मागितला.

ती गोष्ट तर लहानपणापासून पाठ होती:
गच्च भरलेलं घर, दारातून वाट नाही,
छप्पर उसकटून चौघांनी खाली सोडलेली बाज.
मी नेहमी त्या आजाऱ्याकडेच पाहायची,
तो उठतो, बाज उचलतो, चालतो.
चौघांची नावं कुठे नाहीत.
ते छप्पर मग कोणी शाकारलं, तेही नाही.
आणि येशूनं विश्वास पाहिला तो त्यांचा.
बाजेवरच्याचा होता की नव्हता,
कुणी विचारलंच नाही.

ऑगस्टात एका शनिवारी नवीनला ताप.
तिघं खुर्चीभोवती, घड्याळात साडेसहा.
मी पदर खोचला,
डाव्या मागच्या पायाशी वाकले.
चोवीस वर्षांच्या संसारात
त्याचं वजन तेव्हा कळलं: चौथा हिस्सा.
इतके महिने मला वाटत होतं,
अख्खा माझ्या एकटीवर आहे.

दुसऱ्या वळणावर शांतवन म्हणाला,
आज छप्पर कुणाचं मोडायचंय?
मॅकवाननं सोलंकीला विचारलं, काय म्हणाला?
सोलंकीला थोडी मराठी येते. त्यानं सांगितलं.
मग दोघंही हसले, खुर्ची एवढी हलली
की युसूफ ओरडला.

नाताळाआधी खुर्ची लागेनाशी झाली.
पेटी जिन्यात वळत नव्हती.
चौघं तेच. शब्दही तोच.

खुर्ची आता सुभानपुऱ्यात, रमिलाबेनच्या आईकडे.
दुसरा मजला, तिथेही लिफ्ट नाही.
गुरुवारी माझी पाळी, डावा मागचा पाय.
प्रार्थना अजून रोज जमते असं नाही.
म्हातारी उतरताना घाबरते,
माझं मनगट घट्ट धरते, बांगडी रुतेपर्यंत.
मी म्हणते, हळवे, हळवे.
कुठल्या भाषेत, ते तिनं ठरवावं.